गोवर आलेली भिंत

माझ्या बाबांना सगळे आरसा पेंटर म्हणतात. त्यांनी रंगवलेल्या भिंतीत तोंड दिसतं, असं लोकांचं म्हणणं. मला काही कधी माझं तोंड दिसलं नाही, पण ब्रशचा ओरखडाही कधी दिसला नाही, हे खरं. भिंत वाळली की बाबा हातात दिवा घेऊन तिला चिकटून उभे राहतात, उजेड आडवा पाडतात आणि डोळे मिटून तळहात फिरवतात. कुठे कण लागला की पॉलिश पेपर, पुन्हा लांबीचा लेप, पुन्हा रंग. आणि कुठे नखाएवढी जागा रंगवायची सुटली असेल, तर मग बघायलाच नको. "पांढरं राहिलं" हे त्यांच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट बोलणं. त्यापेक्षा शिवी परवडली. एका रंगाऱ्याला ते चारचौघांत तसं म्हणाले होते, तो अजूनही आम्हाला बघून रस्ता बदलतो.

अशा माणसाच्या पोटी मी जन्माला आले आणि ठिपके काढायला लागले. याला म्हणायचं नशीब.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या. ती बाबांची बहीण आणि आमच्याकडचे सगळे रंग तीच कालवते. मला ठिणगी हे नाव तिनेच ठेवलं, कारण म्हणे मी कशावरही पेट घेते. कशावरही नाही. फक्त मूर्खपणावर. आता जगात तोच जास्त असेल तर माझा काय दोष?

ठिपक्यांचं वेड मला छापखान्यात लागलं. मध्यंतरी मी तिथे कामाला होते. तिथल्या मशीनवाल्याने एकदा माझ्या हातात भिंग दिलं आणि नुकत्याच छापून आलेल्या संत्र्याच्या चित्रावर धरायला सांगितलं. धरलं, तर संत्रं गायब! नुसते पिवळे ठिपके, गुलाबी ठिपके आणि मधे मधे कोरा कागद. भिंग उचललं की संत्रं परत हजर, सालीवरच्या चमकेसकट. मी ते इतक्यांदा उचललं आणि ठेवलं, की शेवटी मशीनवाला म्हणाला, "बाई, संत्रं पळून जात नाही, पण माझी नोकरी जाईल."

मग मला जिकडे तिकडे ठिपकेच दिसायला लागले. टीव्हीच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला, तर त्या थेंबात लाल, हिरवे, निळे कण. कापडात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि लांबून कापड तिसऱ्याच रंगाचं. वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी काही चित्रकारांनी हाच हट्ट धरला होता. रंग आधी कालवायचे नाहीत. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचं. सगळे रंग एका डब्यात ढवळले की मळतात, हे आत्यासुद्धा सांगेल. शेजारी ठेवले की प्रत्येक जण आपापला राहतो आणि तरी मिळून काहीतरी करतो. मला हे इतकं पटलं, की त्या रात्री जेवताना मी बाबांना तासभर समजावलं. ते म्हणाले, "जेव आधी."

तर अशातच बेकरीचं काम आलं. बेकरीवाल्या मावशींच्या दुकानाची बाजूची अख्खी भिंत रस्त्यावर येते. बाबांनी ती घासून, लांबी भरून, दोन हात मारून पांढरीशुभ्र केली होती. त्यावर मावशींना क्रीम रंग हवा होता. ऐनवेळी त्यांच्या मनात आलं, की चित्र हवं. "आमचा दिवस कोंबड्याच्याही आधी सुरू होतो. तर मग कोंबडाच काढा. मोठा. रस्त्याच्या टोकावरून येणाऱ्याला दिसला पाहिजे."

बाबा सांगणार होते, की आम्ही चित्रं काढत नाही. पण आत्या मधेच म्हणाली, "काढेल की आमची ठिणगी!"

घरी आल्यावर बाबांनी अट घातली. "काढ. पण मावशींना पसंत पडलं नाही, तर त्याच दिवशी मी त्यावर क्रीम मारणार. आणि मग तू माझ्याबरोबर दारं-खिडक्या रंगवायच्या. कायम. ठिपक्यांचं नाव काढायचं नाही."

"मंजूर," मी म्हटलं. रागात माणूस काय वाटेल ते मंजूर करतो.

परांची बांधली आणि मी कामाला लागले. काठीच्या टोकाला स्पंजचा गोल तुकडा चिकटवला, की वाटीएवढा ठिपका उठतो. लहान ठिपक्यांना गोल ब्रश. तुऱ्यात लाल आणि नारिंगी, सावलीला जांभळा. शेपटीत गडद निळा, हिरवा, मधे मधे किरमिजी. पण माझा सगळा जीव होता मानेत. कोंबडा मान ताणून आरवतोय आणि सकाळचं ऊन नेमकं मानेवर पडलंय, असं मला हवं होतं. तिथे मी पिवळे, नारिंगी, गुलाबी ठिपके दिले, पिसांच्या खाली थोडे निळे, आणि ठिपक्यांच्या मधली भिंत मोकळी सोडली. भरपूर मोकळी. ऊन म्हणजे मी काहीच न केलेली जागा! हे सुचलं तेव्हा मी परांचीवर एकटीच हसले. खालून जाणाऱ्या बाईने मुलाचा हात धरून त्याला पुढे ओढलं.

जवळून अर्थातच कुणाला काही दिसत नव्हतं. "ओल आली का हो भिंतीला?" एकाने विचारलं. दुसऱ्याने बुरशीवर औषध सांगितलं. बाबा दुसऱ्या कामावरून येताना थांबायचे, भिंतीला नाक लावून बघायचे आणि म्हणायचे, "गोवर आलाय भिंतीला."

"बाबा, पलीकडे जाऊन बघा ना!"

"दुरून डोंगर साजरे. लांबून कुठलीही भिंत चांगलीच दिसते. फसवणारे रंगारी गिऱ्हाइकाला लांबच उभं करतात." आणि चालू लागायचे. रस्ता ओलांडायला किती पावलं लागतात? पण नाही. मी हट्टी कुणासारखी झाले, हे आत्या उगाच नाही विचारत.

बघायची जागा होती बरोबर समोर, शिंपीकाकांच्या दुकानात. दुकान पहिल्या मजल्यावर, खिडकी भिंतीच्या समोरासमोर. मी दर थोड्या वेळाने परांचीवरून उतरायचे, रस्ता ओलांडायचे, जिना चढायचे, बघायचे, पुन्हा पळत खाली. एकदा आत्याला धरून वर नेलं. ती मशीनच्या बाजूने खिडकीशी गेली आणि किंचाळलीच.

"अगं बाई! हा तर माझ्याकडेच बघतोय!"

"तुमच्याकडे कसला, माझ्याकडे बघतोय," शिंपीकाका म्हणाले. "परवा त्याचा डोळा झाला, तेव्हापासून माझं शिवणात लक्ष नाही. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या."

आत्याने माझे दोन्ही गाल धरले आणि जोरात ओढले. मला इतका आनंद झाला की दुखलंही नाही. आता फक्त मावशींनी बघायचं बाकी होतं. माझं काम सुरू झाल्यापासून त्यांनी भट्टीतून डोकं बाहेर काढलं नव्हतं. "पूर्ण झाला की एकदाच बघीन," असं त्यांचं म्हणणं. ठरलं, उद्या सकाळी, सकाळचा पाव विकून झाला की.

त्या सकाळी मी आणि आत्या पोहोचलो, तर परांचीवर बाबा. उजाडल्यापासून आलेले असणार. त्यांचा चेहरा असा खूश, की मी बुचकळ्यात पडले. हातातला बारीक ब्रश पुसत ते म्हणाले, "झालं बघ. आता कुणाची बिशाद आहे नाव ठेवायची!"

मी वर बघितलं. आधी काही कळलं नाही. मग कळलं.

मानेवरचं सगळं पांढरं गेलं होतं. बाबांनी माझे पिवळा, नारिंगी, गुलाबी, निळा असे सगळे रंग घेतले होते, एकही वगळला नव्हता, आणि डब्यात कालवून एक रंग केला होता. त्या रंगाने त्यांनी ठिपक्यांमधली प्रत्येक फट भरली होती. एकाही ठिपक्याला धक्का न लावता. इतकं सफाईदार काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मी तशीच पळत सुटले, जिना चढले, शिंपीकाकांना बाजूला सारलं आणि खिडकीतून बघितलं.

कोंबड्याने मातकट मफलर गुंडाळला होता. ऊन गेलं, पिसं गेली, आरवणं गेलं. सर्दी झालेला कोंबडा.

"बाबा!" मी खिडकीतूनच ओरडले. सगळा रस्ता वर बघायला लागला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी? वाटोळं केलंत सगळं! हात कशाला लावलात?"

बाबा परांचीवर तसेच उभे. त्यांना आधी काही कळेचना. मग ते म्हणाले, मोठ्याने नाही, पण रस्ता काही फार रुंद नाही, "पांढरं राहिलं होतं गं. अख्ख्या मानेवर. मला वाटलं, थकलीस तू. मावशी येणार, बघणार, म्हणणार काम अर्धवट टाकलं. तुझं नाव खराब व्हायला नको म्हणून..."

 दुसरा कुणी असता, तर बाबा त्याला चारचौघांत म्हणाले असते, पांढरं राहिलं. मला ते एका शब्दाने बोलले नव्हते. कुणाला कळायच्या आत गुपचूप येऊन माझी लाज झाकून टाकली होती. आता अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? आणि ओरडल्याशिवाय राहायचं तरी कसं? मला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचा वेगळा राग आला.

"पुढचं बोल," शिंपीकाका म्हणाले. "वाळलाय ना तो रंग? मग त्याच्यावर ठिपके देता येतील की नाही?"

येतील? मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. खरवडत बसायला वेळ नव्हता. पण त्या मातकटावर पांढरे ठिपके, मग पिवळे, मग थोडे नारिंगी... येतील! नक्की येतील! फक्त मी वर चढून ठिपके दिले, तर इथून बघणार कोण? आणि पळत ये-जा करायला सवड नव्हती. बेकरीसमोरची रांग ओसरत चालली होती.

"बाबा!" मी पुन्हा ओरडले. "मी इथून सांगते. तुम्ही ठिपके द्यायचे! आत्या, पांढरा दे त्यांना!"

बाबांनी ब्रश घेतला, पांढऱ्यात बुडवला, भिंतीला टेकवला आणि सुर्रकन खाली ओढला. अगदी सारखा, सुंदर पट्टा.

"दादा, ठिपका! ठिपका म्हणतेय ती!" आत्या खालून ओरडली.

"तोच काढतोय!" बाबांनी पुन्हा टेकवला आणि पुन्हा हात आपोआप फिरला. जन्मभर त्या हाताने एकच काम केलेलं, टेकवलेला रंग पसरवून सपाट करायचा. तिसऱ्यांदा त्यांनी दातओठ खाऊन ब्रश जागच्या जागी उचलला, आणि दुसऱ्याच क्षणी, कड जाड राहिली म्हणून, ठिपका हळूच पुसून घेतला. आत्या हसायला लागली. ती हसायला लागली की थांबत नाही. बाबांनी ब्रशकडे रागाने बघितलं, तो डब्यावर आपटला आणि सरळ अंगठा पांढऱ्या रंगात बुडवला. भिंतीवर दाबला. उचलला.

ठिपका! गोल, भरीव, ठसठशीत.

"अस्सा!" मी आणि शिंपीकाका एकदम ओरडलो.

मग काय विचारता! मी सांगत गेले आणि बाबा बोटं उमटवत गेले. "डावीकडे! अजून! वर! तिथेच दाट, दाट येऊ दे! आता खाली विरळ!" माझा आवाज पोचला नाही की शिंपीकाका तेच दुप्पट मोठ्याने सांगायचे. आत्या डबे बदलत होती. बाबांनी उजव्या हाताला पांढरा ठेवला, डाव्या हाताला पिवळा, आणि दोन्ही हातांनी भिंतीवर नुसते तुटून पडले. त्यांच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर ठिपक्यांशिवाय काही नव्हतं. ऊन कुठे पडलंय, पीस कुठे वळलंय, यातलं काही त्यांना दिसत नव्हतं. मी म्हणेन तिथे ते बोट ठेवत होते. एकदाही "कशाला" म्हणाले नाहीत. आणि इकडे, माझ्या डोळ्यांदेखत, मान उजळत होती! आधी गळ्याशी, मग वर, मग चोचीखाली. अगदी पहिल्यासारखी नाही. आता पिसांखाली मातकट ऊब होती, पूर्वी नव्हती. पण ऊन आलं. मी खिडकीत उड्या मारत होते, आणि शिंपीकाकांनी माझी ओढणी मागून घट्ट धरून ठेवली होती, मी बाहेर पडू नये म्हणून.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या.

हाताला पीठ, कपाळावर घाम. एवढा गोंधळ कसला, हे बघायला आल्या होत्या. त्या भिंतीच्या अगदी पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या, जसं कुणीही राहील. मान वर केली. चेहरा उतरत गेलेला मला इतक्या लांबून दिसला.

"हे काय आहे?"

"कोंबडा," आत्या म्हणाली.

"कुठाय कोंबडा? मला तर नुसते डाग दिसताहेत. त्यात हे बोटांचे ठसे." मावशींनी परांचीकडे बघितलं. "पेंटर, तुमचं नाव ऐकून मी भिंत दिली तुम्हाला. हे राहू दे. क्रीम मारून टाका. आजच."

मला ओरडायचं होतं. मी, जी कशावरही पेट घेते, तिच्या तोंडातून शब्द फुटेना. इतका वेळ ओरडून आवाज बसला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीनेही. मी नुसते हात हलवत राहिले. मावशींची पाठ माझ्याकडे होती.

बाबा परांचीवरून उतरले. बाबा गिऱ्हाइकाच्या शब्दाबाहेर कधी जात नाहीत. एकाला स्वयंपाकघर जांभळं हवं होतं, तर त्यांनी ते जांभळं करून दिलं, वर दारही जांभळं केलं. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. क्रीमचा डबा भिंतीच्या कडेला तयारच होता. ते त्या डब्याशी गेले आणि मला वाटलं, संपलं. दारं-खिडक्या. कायम.

बाबा डबा न उचलता त्याच्या पुढे उभे राहिले.

"ताई, आधी रस्ता ओलांडा."

"कशाला?"

"इथून नाही दिसत. पलीकडून दिसतो."

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "तुम्हाला दिसला का?"

"नाही. मी अजून बघितलेला नाही."

"मग?"

"माझ्या मुलीने बघितलाय," बाबा म्हणाले.

 मावशींनी एकदा बाबांच्या रंगलेल्या दहा बोटांकडे बघितलं, एकदा चेहऱ्याकडे, आणि एप्रनला हात पुसत वळल्या. दोघं रस्ता ओलांडायला लागले. आत्याने दोन्हीकडच्या गाड्या हात दाखवून अशा थांबवल्या, जणू तिचा हा रोजचाच धंदा आहे. मी वरून बघत होते. दोघं बरोबर माझ्या खिडकीखाली आले, फुटपाथवर चढले आणि मागे वळले.

 मावशींनी दोन्ही हात डोक्यावर मारले आणि बेकरीच्या दिशेने अशी आरोळी ठोकली की खरा कोंबडा लाजला असता. "अरे बाहेर या सगळे! भट्टी राहू दे! इकडे या, इकडून बघा!" माणसं पिठाच्या हातांनी धावत रस्ता ओलांडून आली. कुणी हसत होतं, कुणी पुढे जाऊन ठिपके बघत होतं आणि परत मागे येऊन कोंबडा बघत होतं, मी छापखान्यात भिंग उचलायचे तसं. मावशी सारख्या म्हणत होत्या, "ती मान बघा! मान बघा त्याची!"

मी जिन्यावरून कशी उतरले, मला आठवत नाही. बाबा फुटपाथवर एकटेच उभे होते, गर्दीपासून जरा बाजूला, हात अंगापासून लांब धरलेले, कपड्यांना रंग लागू नये म्हणून. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला एकही बोट कोरडं नव्हतं. मी माझ्या ओढणीने पुसले.

"हा तुला केव्हापासून दिसत होता?" त्यांनी विचारलं. नजर भिंतीवरच.

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगत होते, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, रंगाचा, अख्खा, आणि तिथेच राहू दिला.